अर्ध्यावर थांबलेलें धुणें

गेल्या श्रावणांतली गोष्ट. बाहेर पावसाची झड लागलेली, गॅलरींतील दोऱ्यांवर दोन दिवसांचे कपडे ओलेच लोंबत असलेले, आणि नेमक्या अशा वेळीं घरांतलें वॉशिंग मशीन धुतां धुतां मध्येंच उभें राहिलें. दाराच्या कांचेआड साबणाचें गढूळ पाणी साचून राहिलेलें, कपडे त्यांत निपचित पडलेले, आणि समोरच्या पट्टीवर ‘२१’ हा आंकडा. एकवीस मिनिटें उरलीं आहेत असें यंत्र सांगत होतें. तासाभरानें जाऊन पाहिलें तरी एकवीसच. दार उघडेना. कळ दाबली तर मिनिटभर कसलीशी गुरगुर होई, आणि पुन्हां सारें शांत.

ज्या वाचकभगिनींच्या घरीं हें यंत्र आहे, त्यांस हा प्रसंग अधिक वर्णन करून सांगावयास नको. या सदरांत आम्ही एरव्हीं भाषा, सणवार, मुलांचा अभ्यास असल्या विषयांवर लिहितों. यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. परंतु त्या आठवड्यांत आमच्या हातून जी चूक झाली, ती यंत्राविषयींची नसून विचाराची होती; आणि विचार कसा करावा हें मुलांस शिकविण्यांतच आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें ती येथें कबूल करणें आम्हांस भाग आहे.

यंत्र थांबण्याची ती तिसरी वेळ. आधीं दोनदां तें असेंच अडलें होतें, पण बंद करून पुन्हां चालू केल्यावर मुकाट्यानें पुढें गेलें होतें. तिसऱ्या वेळीं मात्र घरांत चौकशी सुरू झाली, आणि घरोघरच्या अशा चौकश्या जेथें जाऊन थांबतात तेथेंच तीहि थांबली. धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाई आमच्याकडे नऊ वर्षें आहेत. यंत्रांत कपडे घालण्याचें काम त्यांचेंच. मध्यंतरीं खिडकींतून पाऊस येऊन एक गोधडी भिजली, ती त्यांनीं यंत्रांत घातली होती, आणि दुसऱ्याच दिवशीं यंत्र अडलें होतें. झालें! गोधडीनें यंत्र मोडलें, हा निकाल एकमतानें ठरला. सेवाकेंद्रांतून आलेल्या तरुणानें पांच मिनिटें कळा दाबून पाहिल्या आणि “बोर्ड गेला आहे, साडेआठ हजार पडतील,” असें सांगितलें, तेव्हां तर त्या निकालावर शिक्काच बसला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाई आल्या. आम्हीं त्यांस म्हटलें, “बाई, यापुढें मशीनला हात लावूं नका. साडेआठ हजारांचा खर्च करून ठेवलात.” त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग एवढेंच म्हणाल्या, “आजोबा, गोधडी आजींनीं सांगितली म्हणून घातली. बाकीचे कपडे मी रोजच्यासारखेच घालते.” भांडीं घासून त्या गेल्या. त्या दिवशीं त्यांनीं चहा घेतला नाहीं, आणि पुढचे दोन दिवस त्या आल्याच नाहींत.

बाईंचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडण्याची आमच्या घरांत चाल आहे. ते दोन खाडे मांडतांना आमच्या कुटुंबाची नजर मागच्या चौकटींवर गेली, आणि तिनें आम्हांस हांक मारली. “अहो, हें पाहिलें का? मशीन पहिल्यांदां थांबलें तो रविवार. येथें मींच लिहून ठेवलें आहे, ‘मशीन बंद, धुणें हातानें.’ आणि त्याच चौकटींत बाईंचा खाडा आहे. त्या दिवशीं कपडे मीं घातले होते. गोधडी घातली ती त्यानंतर, गुरुवारीं.”

आम्ही गप्प राहिलों. गोधडी गुरुवारची आणि बिघाड त्याआधींच्या रविवारचा. कारण आधीं आणि कार्य मागाहून, ही गोष्ट तर्कशास्त्राची पहिली पायरी. तीच आम्ही चुकलों होतों. आमच्या शास्त्रकारांनीं कार्यकारणाचा संबंध पडताळण्यास अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. कारण असतां कार्य दिसणें हा अन्वय. कारण नसतां कार्यहि न दिसणें हा व्यतिरेक. बाई रोजच कपडे घालीत; तेव्हां यंत्र कोणत्याहि दिवशीं थांबलें तरी त्या दिवशीं त्यांचा हात लागलेला असावयाचाच. असला अन्वय फुकटचा असतो. बाई नसतां काय झालें, हें पाहावयास हवें होतें. आणि तें तर आमच्याच भिंतीवर लिहिलेलें होतें.

मग बिघाडाचें खरें कारण कोणतें? आमचे एक जुने विद्यार्थी दुसऱ्या गांवीं विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचा धंदा करतात. त्यांस आम्हीं फोन केला. सर्व हकीकत ऐकून ते म्हणाले, “सर, मशीन बंद पडलेलें नाहीं. तें कशाची तरी वाट पाहत आहे. कशाची, एवढेंच शोधून काढा.” हें एक वाक्य आम्हांस यंत्राबरोबर आलेल्या सबंध पुस्तिकेहून अधिक उपयोगी पडलें.

यंत्र वाट पाहतें म्हणजे काय, तें सांगतों. पूर्वींच्या विजेच्या यंत्रांत कपडे घुसळण्याचें काम तेवढें यंत्र करी. पाणी भरणें, तें सोडणें, कपडे रुळांमधून पिळून काढणें हें माणसाच्या हातचें असे. हीं सर्व कामें आपलीं आपण ओळीनें करणारें घरगुती यंत्र अमेरिकेंत बेंडिक्स कंपनीनें १९३७ सालीं बाजारांत आणलें. त्याच्या अंगीं हादरे सोसण्याची सोय नव्हती, म्हणून तें जमिनीस बोल्टांनीं जखडून ठेवावें लागे. अशा यंत्रांतून पुढें कैक वर्षें एक घड्याळासारखी चकती असे. ती हळूहळू फिरे, आणि तिच्या खांचांप्रमाणें एकामागून एक कामांस आरंभ होई. परंतु नुसत्या घड्याळावर हें काम भागत नाहीं. एका घरीं नळाला जोर असतो, दुसऱ्या घरीं धार करंगळीएवढी. तेव्हां अमुक मिनिटांत पाणी भरेल असें धरून चालतां येत नाहीं. म्हणून पाणी पुरेसें झाल्याची खूण मिळेपर्यंत ती चकती थांबून राही. आज चकतीच्या जागीं बोर्ड आला, पण नियम तोच आहे. पाणी भरलें, तापलें, निघून गेलें, अशी प्रत्येक पायरीची खूण मिळाल्यावांचून यंत्र पुढची पायरी चढत नाहीं. पहिला धडा पाठ झाल्याखेरीज दुसरा न सांगणाऱ्या शिक्षकासारखें तें आहे.

पाण्याची ही खूण यंत्रास कशी कळते, तेंहि पाहण्याजोगें आहे. टांकीच्या तळाशीं एक बारीक नळी जोडलेली असून ती वर जाते. टांकींत पाणी चढलें कीं त्या नळींतली हवा कोंडली जाऊन दाबली जाते, आणि त्या दाबावरून पाण्याची उंची बोर्डास समजते. या नळींत साबणाचा गाळ बसला तर बोर्डास खोटी बातमी पोंचते. पाणी निघून गेलें तरी तें आहेच असें त्यास वाटत राहतें.

आतां टप्पे क्रमानें घेऊं. यंत्र कोठें थांबलें हें नीट पाहिलें, तर तें कशाची वाट पाहतें हें बहुधा कळतें.

आरंभींच थांबलें आणि कांचेआड पाणी दिसत नाहीं, तर दार व नळ हीं दोन पाहावीं. रुमालाचें टोंक दारांत अडकलें असलें तरी कुलूप लागत नाहीं, आणि कुलूप लागल्यावांचून यंत्र पाणी घेत नाहीं. नळ पुरता उघडा आहे ना, नळी भिंतीशीं दुमडली नाहीं ना, हें पाहून मग ती नळी यंत्राच्या पाठीमागें जेथें जोडलेली असते तेथली बारीक जाळी काढून धुवावी. इमारतीची टांकी साफ केल्यानंतर किंवा टँकरचें पाणी आल्यावर या जाळींत रेती बसते. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारांची अडचण निराळी. समोरून दार असलेल्या बहुतेक यंत्रांस सुमारें अर्धा बार दाब लागतो, म्हणजे नळापासून पांच मीटर उंचीवर असलेल्या पाण्याचा. गच्चीवरची टांकी डोक्यावर दोन-तीन मीटरच असली तर तेवढा दाब मिळत नाहीं, आणि यंत्र पाणी भरण्याची वाट पाहत ताटकळतें. तेथें यंत्रास दोष देण्यांत अर्थ नाहीं. दाब वाढविणारा लहान पंपच बसवावा लागतो.

पाणी एकसारखें येतें आहे, नळाचा आवाज थांबत नाहीं, आणि तरीहि तें भरत नाहीं, असा प्रकार आपल्याकडील घरांतून पुष्कळ आढळतो. याचें कारण मोरी. पाणी सोडण्याची नळी आपण सरळ मोरीच्या जमिनीवर टाकतों. नळीचें तोंड टांकीच्या पाण्याहून खालीं असलें कीं वाकनळीच्या नियमानें आलेलें पाणी आपोआप बाहेर ओढलें जातें. एका बाजूनें भरणें आणि दुसऱ्या बाजूनें रितें होणें चालूच राहतें. ही नळी साधारण साठ सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवरून वळवून खालीं सोडावी. यंत्राबरोबर नळी अडकविण्याची जी प्लास्टिकची आकडी मिळते, ती याचसाठीं असते. नळी मोरीच्या पाइपांत घट्ट किंवा फार खोल कोंबूं नये, नाहींतर पुन्हां तोच प्रकार.

धुतांना मध्यें आंकडा हलत नाहीं, पण ड्रम अधूनमधून फिरतो आहे, तर बहुधा पाणी तापण्याची वाट असते, आणि तो बिघाड नव्हे. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यावयाचें, तर दोन हजार वॉटच्या हीटरास अठरा-वीस मिनिटें लागतात. पाणी थंडीच्या दिवसांतलें असलें तर त्याहूनहि अधिक. तेवढा वेळ धीर धरावा. बोअरचें जड पाणी असेल तर हीटरावर चुन्यासारखा पांढरा थर चढतो. त्या थरामुळें हीटरची उष्णता पाण्यास नीट मिळत नाहीं, तो आपल्याच उष्णतेनें जळून जातो, आणि मग पाणी कधींच तापत नाहीं. अशा घरीं अधूनमधून लिंबूसत्त्व घालून, पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रमाणांत, रिकामें यंत्र गरम पाण्यावर फिरवावें.

पाणी साचलें आहे आणि यंत्र गप्प आहे किंवा नुसतें गुरगुरतें आहे, तर तें पाणी निघून जाण्याची वाट पाहतें. आमच्या समजुतीप्रमाणें अर्ध्यावर थांबण्याच्या प्रकारांत हा फार सामान्य आहे. आमचें यंत्र याच ठिकाणीं अडलें होतें. त्याविषयीं पुढें सांगूं. फेंसानेंहि हेंच घडतें. हातानें धुण्याची पावडर या यंत्रांत घातली तर फेंस टांकीभर होतो. पंपास पाणी ढकलतां येतें, फेंस ढकलतां येत नाहीं. कांचेआड पाणी नसून पांढरा फेंसच दिसत असेल, तर यंत्र बंद करून अर्धा तास फेंस बसूं द्यावा, आणि पुढच्या वेळीं यंत्रासाठीं केलेलीच पावडर, तीहि बेतानें, घालावी.

पाणी निघून गेलें, पण पिळण्याच्या वेळीं ड्रम दोन-चार वळसे घेऊन थांबतो, पुन्हां वळसे घेतो, पुन्हां थांबतो, तर तें तोल साधण्याची वाट पाहतें. एकच जाड चादर किंवा एकच लुगडें पिळा पडून गोळा झालें, म्हणजे ड्रमच्या एका अंगास भार येतो. अशा स्थितींत मिनिटाला हजार फेरे घेणें यंत्रास धोक्याचें, म्हणून तें कपडे सारखे पसरूं पाहतें, आणि कांहीं प्रयत्नांनंतर नाद सोडतें. कपडे हातानें मोकळे करून दोन टॉवेल बरोबर घालावे. यंत्राचे चारी पाय जमिनीस टेकले आहेत ना, हेंहि पाहावें.

सर्व झालें आणि दार उघडत नाहीं, तर एक-दोन मिनिटें थांबावें. कुलुपांतील पट्टी गरम होऊन दार धरून ठेवते. ती निवल्यावर आपोआप सोडते. ओढाताण केली तर मूठ हातांत येते. मध्येंच वीज गेली तर ती आल्यावर कांहीं यंत्रें आपोआप पुढें चालतात, कांहींस पुन्हां सुरू करावें लागतें. आपलें कोणत्या जातीचें हें पुस्तिकेंत असतें. वरून झांकण असलेलीं यंत्रें झांकण उघडें राहिलें तर पिळण्यापूर्वीं थांबतात, आणि दोन टांक्यांच्या यंत्रांतहि पिळण्याच्या टांकीचें झांकण नीट बसल्यावांचून ती फिरत नाहीं. तेथें प्रथम झांकणच पाहावें.

हे सर्व टप्पे पाहिल्यावर आमचें काम सोपें झालें. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले असून त्यांतल्या ‘शेषवत्’ या प्रकाराचा अर्थ वात्स्यायनभाष्यांत दोन तऱ्हांनीं दिला आहे. एक कार्यावरून कारण ओळखणें, आणि दुसरा परिशेष, म्हणजे शक्य तीं सर्व कारणें मांडून जीं जुळत नाहींत तीं एकेक वगळीत जाणें, आणि जें उरतें तें धरणें. पाणी भरलेलें होतें, म्हणून नळ व दार हीं गेलीं. आम्ही थंड पाण्यावरच धुतों, म्हणून हीटर गेला. फेंस नव्हता. पिळण्याची वेळ आलीच नव्हती, म्हणून तोल गेला, आणि त्याबरोबर ती बिचारी गोधडीहि गेली. उरली पाणी सोडण्याची वाट. बोर्डाचें काय, असें कोणी विचारील. पण आम्हीं केवळ पाणी सोडण्याची कळ फिरविली तेव्हां पंप गुरगुरत होता. बोर्ड गेला असता तर पंपास आज्ञा कोणी दिली असती? आज्ञा पोंचत होती. पंपाचें चाक फिरत नव्हतें.

मग आम्हीं पुढीलप्रमाणें केलें. प्लग काढून ठेवला. गरम पाण्यावर धुणें चालू असतां हें करावयाचें असेल, तर पाणी निवेपर्यंत थांबावें, नाहींतर हात पोळतो. प्रथम पाणी सोडण्याची नळी आकडींतून काढून तिचें तोंड जमिनीवरच्या बादलींत धरलें. वाट मोकळी असती तर निदान कांहीं पाणी आपल्या भारानेंच वाहून आलें असतें. पण बारीक धार लागून तीहि थांबली. तेव्हां यंत्राच्या पुढच्या बाजूस, खालच्या कोपऱ्यांत जें लहान झांकण असतें तें उघडलें. त्याआड फिल्टरचें गोल बूच असतें. खालीं परात सरकवून, भोंवतीं जुनीं फडकीं टाकून, आम्हीं तें बूच डावीकडे अगदीं हळू फिरविलें. परात भरली कीं बूच आवळावयाचें, परात ओतावयाची, पुन्हां सैल करावयाचें. असें पुष्कळ वेळां केल्यावर पाणी संपलें आणि बूच बाहेर आलें.

त्याबरोबर आला केंसांचा आणि धाग्यांचा काळपट लगदा, सदऱ्याची एक गुंडी, एक रुपयाचें नाणें, आणि फुगलेल्या सुपारीचें एक चपटें खांड. आंत बोट घालून पाहिलें तों पंपाचें लहान चाक मोकळें फिरूं लागलें होतें.

आम्ही तीं खिळल्यासारखे पाहत राहिलों. आमच्या घरीं सुपारी कोणी खात नाहीं. श्रावणाच्या आरंभीं एके ठिकाणीं आम्हां उभयतांस मेहूण म्हणून जेवावयास बोलाविलें होतें. विड्यावर अकरा रुपये दक्षिणा होती. घरीं आल्यावर दहाची नोट आम्हीं काढून ठेवली. विडा खाल्ला नाहीं, तो उलगडून पानें टाकलीं, आणि रुपया व सुपारी हीं बंडीच्या खिशांतच राहून गेलीं. ती बंडी आम्हींच स्वहस्तें धुण्याच्या टोपलींत टाकली होती. दाराचें रबर आणि ड्रम यांच्या फटींतून असल्या चपट्या वस्तू खालीं उतरतात आणि पंपाच्या तोंडाशीं जाऊन बसतात. नाणें आडवें पडलें तर पाणी जातें, उभें अडकलें तर चाक थांबतें. म्हणूनच यंत्र कधीं चाले आणि कधीं न चाले. गोधडीच्या दुसऱ्या दिवशीं तें थांबलें, हा कावळा बसण्यास आणि फांदी मोडण्यास जी गांठ पडते त्यांतला प्रकार.

बूच घट्ट लावून, तांब्याभर पाणी ओतून गळत नाहीं ना हें पाहून, यंत्र चालू केलें. एकवीसाचे वीस झाले. साडेआठ हजार वांचले, याचा आनंद मात्र आम्हांस झाला नाहीं.

त्या संध्याकाळीं आम्ही दोघेंहि बाईंच्या घरीं गेलों. नाणें बरोबर नेलें होतें. तें त्यांच्यासमोर ठेवून सारी हकीकत सांगितली, आणि चूक आमची होती असें म्हटलें. त्यांनीं आम्हांस बसावयास दिलें, पाणी दिलें. मग त्यांनीं विचारलें, “आजोबा, हें नाणें सांपडलें नसतें तर?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. वस्तुतः कॅलेंडर पाहिलें त्याच क्षणीं त्यांचा दोष नाहीं हें सिद्ध झालेलें होतें. तेव्हांच आम्हीं उठून यावयास हवें होतें. परंतु आम्ही दुसरा अपराधी हातीं लागेपर्यंत थांबलों. आणि तो अपराधी आम्हींच निघालों, म्हणून यावें लागलें. निर्दोष माणसास निर्दोष म्हणण्यासाठीं दुसरा दोषी सांपडलाच पाहिजे, असा नियम कोणत्या शास्त्रांत आहे? शाळेंत वर्गांतली पट्टी हरवली तर मागच्या बांकावरच्या गरीब मुलाकडे पाहूं नये, असें आम्ही तरुण शिक्षकांस सांगत आलों. घरांतली गोष्ट आली तेव्हां आम्हीं पाहिलें तें त्याच बांकाकडे.

सेवाकेंद्राच्या तरुणावर आम्ही रागावलों नाहीं. त्यानें पांच मिनिटांत निकाल दिला, तर आम्हीं तेवढाहि वेळ घेतला नव्हता. मात्र वाचकांनीं एवढें करावें : कोणी बोर्ड बदलावयास सांगितला तर फिल्टर उघडून पाहिला का, पंपास वीज पोंचते का, हे दोन प्रश्न त्यास विनयानें विचारावे. आणि जळका वास आला, यंत्रास हात लावतां झिणझिण्या आल्या, पुन्हां पुन्हां घराचा फ्यूज जाऊं लागला, तर स्वतः कांहींएक करूं नये. प्लग काढून जाणत्या माणसासच बोलवावें. यंत्राची पाठ उघडणें हें आपलें काम नव्हे. फिल्टर मात्र दर महिन्यास, एखादा वार ठरवून, साफ करावा. आणि खिसे ज्यानें त्यानें आपले आपण तपासावे. टोपलींत कपडा टाकणारा तो तपासील, तर तो कपडा यंत्रांत घालणारास बोल लागण्याची वेळच येणार नाहीं.

बाई दुसऱ्या दिवसापासून येऊं लागल्या. त्या दोन चौकटींतले खाडे आमच्या कुटुंबानें खोडून टाकले आहेत. बाईंनीं चहा घेतला तो मात्र चौथ्या दिवशीं. रुपया आम्हीं देवापुढें ठेवला नाहीं कीं खर्चहि केला नाहीं. तो त्या कॅलेंडरच्या खिळ्याखालीं, लहानशा डबींत ठेवला आहे. कोणावर दोष ठेवण्याचें मनांत आलें म्हणजे आम्ही प्रथम त्या चौकटी वाचतों.